सांगून दिलेली गाडी

"इंजिन गरम हाय, टाकी अर्धी, डावा आरसा हलतोय," दस्तगीरभाईंनी मोटरसायकलच्या टाकीवर तळवा टेकवून सांगितलं.

"टाकी अर्धी, आरसा हलतोय," पिंगळे जांभई देत म्हणाले.

"आणि इंजिन?"

"गरम. अहो, दिसतंय की मला."

"दिसत असलं तरी बोलायचं," दस्तगीरभाई म्हणाले आणि मगच त्यांनी किल्ली पिंगळ्यांच्या हातात सोडली.

फेब्रुवारीतली सकाळ होती, अकराचा सुमार. गगनबावड्याच्या माथ्यावर आम्ही तिघं तीन मोटरसायकली घेऊन उभे होतो. त्यातली एक आमची. पाण्याच्या पंपांचे भाग ओतता ओतता कोल्हापूरच्या आमच्या मालकांना एक दिवस हौस आली, की डोंगरदऱ्यांतून, कच्च्या वाटांवरून लांब पल्ला मारणारी मोटरसायकल आपणच का बनवू नये? त्या हौसेचं नाव 'गवा'. उरलेल्या दोघी बाजारात वर्षानुवर्षं पाय रोवून बसलेल्या. त्यांची नावं कारखान्यात कुणी घ्यायची नाहीत असा दंडक होता, म्हणून आम्ही त्यांच्या टाकीवरच्या नावांवर काळी पट्टी चिकटवली होती आणि त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत होतो. थोरली जड, ऐसपैस, सरळ रस्त्यावर कुणाला न ऐकणारी. धाकटी हलकी, चपळ, पण तासाभरात कमरेचे मणके एकेक करून मोजायला लावणारी. आठ दिवसांनी गवा लोकांसमोर यायचा होता. त्याआधी या दोघींशी त्याची शेवटची तुलना करायला आम्ही घाटात आलो होतो.

मी सम्मेद मगदूम. गव्याचा सांगाडा, ब्रेक, बटणं, सगळी आखणी माझी. तीन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. लग्नासाठी भेटायला आलेल्या मुलीला मी पहिल्याच भेटीत गव्याच्या पुढच्या चाकाचा कोन समजावून सांगितला होता, आणि ती मुलगी पुन्हा आली नाही. पिंगळे आमचे गुण लिहिणारे. प्रत्येक गाडीला प्रत्येक गोष्टीत दहापैकी किती, हे ते तक्त्यात भरत.

आणि दस्तगीर मुल्लाणी आमचे चाचणीचे चालक. वय अठ्ठेचाळीस. आमच्याकडे येण्याआधी बावीस वर्षं त्यांनी जत्रांमधून मौत का कुआँ गाजवला होता. लाकडी फळ्यांच्या त्या उभ्या विहिरीत मोटरसायकल भिंतीवर चढवून गोल गोल फिरवायची, आणि वर कठड्याला टेकलेल्या बायाबापड्यांनी डोळे झाकून घ्यायचे. त्या बावीस वर्षांत ते एकदाही पडले नव्हते. पार सांगली-मिरजेपासून निपाणीपर्यंत लोक त्यांना त्या एकाच गोष्टीवरून ओळखत, 'न पडलेला दस्तगीर' म्हणून. ते स्वतः कधी ही फुशारकी मारत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं की हळूच मिशीवरून हात फिरवत.

गाडी सांगून द्यायची रीत त्यांनी त्या विहिरीतूनच आणली होती. तिथे एकाच गाडीवर दोघं आळीपाळीनं चढत. उतरणाऱ्यानं टाकीवर हात ठेवून गाडीत जे काही बिनसलं असेल ते बोलायचं, चढणाऱ्यानं ते परत म्हणायचं, मग किल्ली. आमच्या कारखान्यात आम्ही तिला आधी हसलो आणि मग मुकाट्यानं पाळायला लागलो.

"चला, मगदूम साहेब," पिंगळ्यांनी तक्ता काढला. "खाणीच्या वाटेचे गुण लिहून टाकू."

त्याआधीचे दोन तास आम्ही माथ्यावरच्या जांभ्याच्या जुन्या खाणीत तिन्ही गाड्या आळीपाळीनं मातीत लोळवून काढल्या होत्या. मातीत चालवताना एबीएस बंद करावं लागतं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागीच अडकून घसरू नये, म्हणून गाडीत जी व्यवस्था असते ती एबीएस. डांबरी रस्त्यावर ती जीव वाचवते, भुसभुशीत मातीत उलट आडवी येते. थोरली आणि धाकटी, दोघींचंही एबीएस बटणानं बंद व्हायचं, पण किल्ली फिरवून गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू करताना ते आपोआप परत यायचं. मातीत दर थांब्याला पुन्हा बटण दाबत बसावं लागतं म्हणून त्या गाड्यांचे मालक वैतागलेले असत. गव्यात मी ती कटकट काढून टाकली होती. तुम्ही बंद केलंत, की तुम्ही चालू करेपर्यंत ते बंदच. गवा लक्षात ठेवायचा. माझी सगळ्यात लाडकी करामत होती ती.

"लक्षात ठेवायचं बटण," दस्तगीरभाई चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले. "लिवा पिंगळे. शून्य."

"दहापैकी शून्य?"

"दहापैकीच."

"त्या दोघींकडे हे नाहीच आहे भाई," मी म्हणालो. "याच एका गोष्टीवर आपण त्यांच्या पुढे जाणार आहोत."

"न्हाई तेच बरं हाय. साहेब, माणूस विसरतंय. म्हणून किल्ली बंद केली की गाडीनं सगळं विसराय पायजे. सकाळचं दुपारपर्यंत धरून बसाय ती गाडी हाय का सासू?"

पिंगळे खो खो हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन वर्षं, आणि दहापैकी शून्य!

"तुम्हाला विहिरीतल्या गाड्यांची सवय," मी म्हणालो. "त्यांना ब्रेकच नसायचे. तुम्ही काय एबीएसला गुण देणार?"

पिंगळ्यांचं हसू थांबलं. दस्तगीरभाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"ब्रेक न्हवते म्हणूनच आमी एकमेकांशी बोलत हुतो," ते म्हणाले.

 पुढची चाचणी ब्रेकची होती. भुईबावड्याचा घाट उतरताना किलोमीटरभर खाली, तिसऱ्या वळणाआधी, आम्ही रस्त्याकडेला एक दगड पांढरा रंगवून ठेवला होता. ताशी साठच्या वेगानं त्या दगडाशी यायचं आणि दोन्ही ब्रेक होता नव्हता तेवढा जोर लावून दाबायचे. जपून नाही, एबीएसच्या भरवशावर पूर्ण दाबायचे. गाडी किती फुटांत थांबते ते मोजायचं. तुलना खरी व्हावी म्हणून तिन्ही गाड्यांवर चालक एकच, दस्तगीरभाई. थोरली आणि धाकटी आदल्या दिवशी झाल्या होत्या. आता गवा. मागून येणाऱ्यानं दिव्याची दोनदा उघडझाप केली, की मागे रस्ता मोकळा आहे, सुरू करा, असा आमचा इशारा. दिवा आला नाही तर ब्रेक न दाबता तसंच पुढे निघून जायचं. त्या दिवशी मागून मी जाणार होतो.

खाणीत गव्यावर शेवटचा मीच बसलो होतो. मी खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या दिशेनं फेकली. त्यांनी ती झेलली, पण गाडीवर बसले नाहीत. त्यांनी स्वतःचाच तळवा टाकीवर ठेवला आणि वाट बघत राहिले.

"बोला साहेब."

"काही नाही. सगळं ठीक आहे. निघा तुम्ही."

ते आणखी थोडं थांबले. मी हातमोजे चढवण्यात गुंतल्यासारखं केलं.

"बरं," म्हणाले, हेल्मेट घातलं आणि गवा घाटाला लागला.

पेले विसळून आलेल्या पिंगळ्यांनी थोरलीच्या टाकीवर हात ठेवला. "टाकी पाऊण. खाणीत एबीएस बंद केलं होतं, आता आलं असेल परत, बघा."

मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा लुकलुकला आणि आपोआप विझला. "टाकी पाऊण, एबीएस आलं," मी म्हणालो आणि निघालो.

पहिलं वळण मजेत गेलं. थोरलीच्या रुंद गादीवर बसून मी मनातल्या मनात दस्तगीरभाईंशी भांडत होतो. त्यांना काय काय ऐकवायचं ते ठरवत होतो. बघा, म्हणणार होतो, ही तुमची थोरली, हिचं एबीएस आपसूक परत आलं, आणि खाणीत पुन्हा जायचं म्हटलं तर पुन्हा बटण दाबायला लागणार, पण आपला गवा कसा, मी बंद केलं की तो...



मी बंद केलं होतं. गवा बंदच ठेवून बसला होता. सकाळपासून दोन तास मी थोरली-धाकटीवरही बसलो होतो, त्यांच्यावर किल्ली फिरवली की सगळं जागेवर येत होतं आणि माझ्या मनानं गव्याचंही आलं असं धरून टाकलं होतं. ज्या गोष्टीसाठी मी अर्ध्या कारखान्याशी भांडलो, ती माझी मीच विसरलो. गव्यावरही एबीएस बंद असल्याचा एक पिवळा दिवा होता. तो भर उन्हात दिसत नाही हे दस्तगीरभाईंनी मला दोनदा लिहून दिलं होतं.

ते पांढऱ्या दगडाशी पोहोचणार, साठच्या वेगात. आणि दोन्ही ब्रेक पूर्ण दाबणार.

मी थोरलीचा कान पिरगळला. सरळ पट्ट्यात ती झेपावली, अंतर कमी झालं, मला त्यांचं निळं जाकीट दिसलं. मी हॉर्न दाबून धरला. चाचणीच्या वेळी आम्ही सगळेच कानात बोळे घालायचो. वळण आलं आणि थोरलीनं आपलं वजन दाखवलं. तिला आडवं करायला जोर लावावा लागत होता, ती रुंद फेकली जात होती, आणि पुढे गवा त्याच वळणातून असा काही निघून गेला की जणू त्याला वळण लागलंच नाही. वळणात थोरलीपेक्षा सरस, हे वाक्य मीच पिंगळ्यांच्या तक्त्यात लिहायला लावलं होतं. त्यासाठी मी पुढच्या चाकाचा कोन अर्ध्या अर्ध्या अंशानं नऊ वेळा बदलला होता. आता मी त्याच गाडीच्या मागे जिवाच्या आकांतानं लागलो होतो आणि ती मला सापडत नव्हती. मी ओरडत होतो. हेल्मेटमध्ये माझाच आवाज माझ्या कानांवर आदळत होता.

दुसऱ्या वळणानंतर पुन्हा सरळ पट्टा लागला. शेवटचा. पुढे दोनशे फुटांवर निळं जाकीट, त्याच्या पुढे पांढरा दगड. दस्तगीरभाईंनी आरशात पाहण्यासाठी डोकं किंचित वळवलं. त्यांनी मला पाहिलं, हे मला दिसलं. आणि त्यांना थांबवायला मी दिव्याची उघडझाप केली. एकदा, दोनदा, तीनदा, मग करतच राहिलो.

त्यांनी डावा हात वर केला. समजलं, अशी खूण केली. हात परत मुठीवर ठेवला, गव्याचा वेग वाढवला आणि दगडाशी येताच दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले.

मी दिवा दिला नसता तर ते तसेच पुढे गेले असते.

मी पोहोचलो तेव्हा डांबरावर पंधरा-वीस फुटांचा काळा ओरखडा होता आणि तो जिथे संपला तिथला कठडा फुटला होता. खाली चाळीसेक फुटांवर करवंदीच्या जाळीत ते अडकले होते, गवा त्यांच्याही खाली चाकं वर करून पडला होता. मी कसा उतरलो ते आठवत नाही. हातांना काटे लागले होते हे मला संध्याकाळी दवाखान्यात कळलं.

ते जिवंत होते. डावा पाय गुडघ्याखाली असा वळला होता की मी एकदा बघून पुन्हा तिकडे बघितलं नाही. पिंगळे वर कठड्याशी आले, खाली बघून रडायलाच लागले. मी त्यांच्यावर खेकसलो, "रडताय काय? परत बावड्याला जा, तिथे फोनला रेंज आहे, रुग्णवाहिका बोलवा!" धाकटीचा आवाज घाटात वर वर गेला आणि ऐकू येईनासा झाला. मी माझा पट्टा काढून त्यांच्या मांडीला आवळला. रक्त थांबलं, पुन्हा आलं, मी पुन्हा आवळला.

मदत यायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. लहानपणी आईनं शिकवलेला णमोकार मंत्र मी म्हणत होतो आणि मधल्याच ओळी विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतो. याला वाचव, मी गाडीला पुन्हा हात लावणार नाही, असं कबूल करत होतो. आणि त्याच वेळी, देवा क्षमा कर, पिंगळ्यांना ठाऊक आहे का की मी काही सांगितलं नव्हतं, हेही आठवून बघत होतो. पिंगळे तेव्हा पेले विसळायला गेले होते.

"सम्मेद," दस्तगीरभाई म्हणाले. आजवर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"बोला भाई. बोलत राहा. डोळे मिटू नका."

"एबीएस बंद हुतं न्हवं?"

हेल्मेटच्या वर केलेल्या काचेतून ते माझ्याकडे बघत होते.

"मला माहीत नाही भाई."

"म्हाईत न्हाई?"

"नाही."

 "दिवा दिलास की तू," ते म्हणाले.

"थांबवायला दिला भाई! आईशप्पथ, तुम्हाला थांबवायला दिला!"

बोललो आणि मला कळलं मी काय बोलून बसलो ते. माहीत नव्हतं, तर थांबवायला कशाला निघालो होतो? त्यांनाही ते कळलं. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलले आणि वर, फुटलेल्या कठड्याकडे गेले. मला वाटलं, आता ते मला शिवी देतील. त्यांनी द्यावी असं मला फार वाटत होतं.

"मी पडलो रं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्याच रात्री त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. जीव वाचेल की नाही हे डॉक्टर पुढचे दोन दिवस सांगत नव्हते. मी त्या बाकड्यावरून हललो नाही. त्यांच्या बायकोनं, शमशादभाभींनी, तिसऱ्या दिवशी घरून डबा आणला तेव्हा पहिली चपाती माझ्या हातात ठेवली. "खावा. तुमी खाली उतरला म्हणून ह्यास्नी बघाय मिळालं," त्या म्हणाल्या. मी ती चपाती खाल्ली. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी आमच्या मुख्य अभियंता सौंदत्तीकर मॅडम आल्या. त्या आत अर्धा तास दस्तगीरभाईंशी बोलल्या. मी बाहेर उभा होतो आणि मनाशी ठरवत होतो, की त्या बाहेर आल्या की त्यांनी विचारायच्या आधीच सांगायचं. वाक्य तयार होतं. मॅडम, मी सांगितलं नव्हतं. चार शब्द.

मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मुल्लाणींनी सगळं सांगितलं. तू एबीएस बंद असल्याचं बोलला होतास, त्यांनीच परत म्हटलंही, आणि पुढे जाऊन विसरले. वाईट वाटतं रे, एवढा जुना माणूस." त्या जायला निघाल्या. "उद्या जबानी टाइप करून पाठवते. त्यावर त्यांची सही लागेल. ती तूच घेऊन ये, असं ते म्हणतायत."

माझे चार शब्द तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन गेलो. दस्तगीरभाई उशीला टेकून बसले होते. चादर एका बाजूला पावलापर्यंत उंच होती आणि दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट झाली होती.

"वाच. मोठ्यानं वाच. माझा चष्मा फुटलाय."

मी वाचायला लागलो. गाडी ताब्यात घेताना श्री. सम्मेद मगदूम यांनी मला एबीएस बंद असल्याची स्पष्ट सूचना दिली होती. ती मी तोंडी परत उच्चारली होती. चाचणीच्या वेळी ती माझ्या लक्षात राहिली नाही. सबब हा अपघात...

"थांबलास का?"

"भाई, हे खोटं आहे."

"मला सांगालास व्हय?"

"मी मॅडमकडे जातो. आत्ता जातो. सांगतो त्यांना."

"जा की. आणि मग? तुला काढतील. गवा गोदामात जाईल, कोण हात लावणार न्हाई त्याला. दोन वर्षं मी बी बसलोय त्याच्यावर. घाटात त्या दोघी त्याच्या पासंगाला पुरत न्हाईत, म्हाईत हाय का तुला?" ते दमले, थांबले, पाण्याकडे बोट केलं. मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. "हे असं लिवलं तर गाडी निघंल. पर ते लक्षात ठेवायचं भूत काढून. मॅडमला तशी अट घातलीया मी. कबूल झाल्यात त्या."

"पण लोक म्हणतील सांगूनसुद्धा तुम्ही विसरलात. भाई, तुमचं नाव..."

ते खिडकीकडे बघायला लागले. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायलेन्सर फोडलेली गाडी रेटत गेला, तिचा आवाज जाईपर्यंत ते ऐकत राहिले.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण माया होती असंही मला म्हणता येणार नाही. "तुला पटत न्हाई, तर मी सही करत न्हाई. तू म्हणशील तसं. बोल."

ते वाट बघत होते. त्यांना घाई नव्हती. मी नुसतं नको म्हणायचं होतं. मला आई-वडील आठवले, हॉस्टेलच्या खोलीतला माझा जुना सोबती आठवला, जो मला म्हणायचा तू मोठा होणार. मला गवा आठवला, वळणातून माझ्यापुढे निघून गेलेला. जे आठवायचं नव्हतं तेवढं सगळं आठवलं.

मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी सही केली. तिरकी, लांबलचक. मग पेन मला परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गवा महिनाभर उशिरानं बाजारात आला. मोटरसायकलींच्या मासिकांनी त्याची थोरली-धाकटीशी तुलना केली. वळणांत सर्वांत सरस, असं सगळ्यांनी लिहिलं. एका गोष्टीत मात्र प्रत्येकानं गुण कापला: किल्ली फिरवली की एबीएस पुन्हा आपोआप चालू होतं, या बाबतीत नव्या गाडीनं जुन्यांपेक्षा काहीच वेगळं केलेलं नाही. मी ती सगळी परीक्षणं वाचली. तीन वर्षांत मी विभागप्रमुख झालो. नवे चालक आले की त्यांना पहिल्या दिवशी मुल्लाणींची गोष्ट सांगतात. सांगूनही विसरलेल्या माणसाची. मी त्या वेळी खोलीत थांबत नाही, पण सांगू नका असंही कधी म्हटलं नाही.

दस्तगीरभाई जत्रांना जाईनासे झाले. मी सणासुदीला त्यांच्याकडे जायचो, ते चहा पाजायचे, हवापाण्याचं बोलायचे, आणि मला पुन्हा साहेबच म्हणायचे.

गेल्या वर्षी ते गेले. कब्रस्तानात मी मागे उभा होतो. माती देऊन लोक पांगायला लागले तेव्हा एक वाकलेला म्हातारा माझ्याजवळ आला. म्हणाला, मी बाबालाल नदाफ. विहिरीत दस्तगीर आणि मी एकाच गाडीवर आळीपाळीनं चढायचो. सतरा वर्षं.

"तुमी मगदूम साहेब न्हवं? तुमी हुता त्या दिवशी."

"हो."

"मला एक सांगा. मी त्याला लई येळा इचारलं. दर येळेला त्यानं एकच सांगितलं. साहेबांनी सांगितलं हुतं, मीच इसरलो. परवा दवाखान्यात, धाप लागलीती, तवा बी हेच." बाबालालनी डोळे पुसले. "पर साहेब, सतरा वर्षं मी त्याला गाडी सांगून दिली. सांगितलेलं दस्तगीर इसरला, असं एकदा बी झालं न्हाई. तो आता ऱ्हायला न्हाई. त्याला काय त्रास व्हायचा न्हाई आता. तुमी सांगा. त्याला सांगितलं हुतं?"

दुपारची वेळ होती. फाटकापाशी शमशादभाभींचा भाऊ लोकांना निरोप देत होता. आमच्या आसपास ऐकायला कुणीही नव्हतं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

बाबालाल बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला घातल्या आणि फाटकाकडे चालायला लागले.